हत्तीची सावली

मला वृंदाचा हेवा वाटत होता. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साळसूद समजायला नको. हेवा म्हणजे नुसतं नाक मुरडण्यापुरता नाही, चांगलं पोटात दुखत होतं. त्र्याण्णव सालचा सप्टेंबर होता आणि योकोहामाच्या कुठल्याच औषधाच्या दुकानात त्यावर गोळी मिळत नव्हती.

वृंदा आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायची, मी तिसऱ्या. दोघींचे नवरे एकाच बँकेतले, मुंबईहून चार वर्षांच्या पोस्टिंगवर आलेले. ती वाईची, बी.कॉम., चित्रकलेशी संबंध शाळेतल्या आंब्याच्या पानापुरता. तिची मुलगी ईश्वरी सात वर्षांची, आईने मराठीत विचारलं की जपानीत उत्तर द्यायची. आणि मी? मी मुंबईच्या आर्ट स्कूलची, पाच वर्षांचा डिप्लोमा, ड्रॉइंगमध्ये वर्गात पहिली. लग्नानंतर देवदत्तच्या दोन बदल्या झाल्या आणि माझे ब्रश बॉक्समध्ये राहिले ते राहिलेच. इथे आल्यावर मी देवदत्त-सानची ओकुसान झाले. ओकुसान म्हणजे बायको. तीन वर्षं मला तेवढंच नाव होतं.

मी जपानी भाषेची परीक्षा दिली, वरून दुसऱ्या लेव्हलपर्यंत पास झाले. वृंदाचं जपानी म्हणजे सगळा आनंद. वाक्य जपानीत सुरू व्हायचं आणि शेवटी खुशाल ‘गं’ लागायचं. तरी तळमजल्यावरच्या ओगावा-सान तिला कचऱ्याच्या दिवशी थांबवून अर्धा अर्धा तास बोलायच्या, प्लास्टिक कुठल्या पिशवीत ते तिसऱ्यांदा समजावायच्या आणि वर एक भलामोठा मुळा हातात द्यायच्या. मला आजवर कुणी मुळा दिला नव्हता.

तर जूनमध्ये आमच्या वॉर्डाच्या हॉलमध्ये एक वर्ग सुरू झाला. दर मंगळवारी सकाळी, ‘युरोपची चित्रकला आणि पूर्व’. नोटीस बोर्डावर तो कागद बघितला आणि माझा जीव कसा हरखला ते काय सांगू! लगेच नाव दिलं. आणि चूक केली ती जिन्यात वृंदाला सांगून.

“मंगळवारी मलाही काही नसतं गं,” ती म्हणाली. “मी पण येते. तेवढाच एसी.”

वर्ग घ्यायच्या नागाओ-सेन्सेई. साठीच्या, बुटक्या, तरुणपणी काही वर्षं पॅरिसला राहिलेल्या. बोलायच्या कमी, स्लाइड जास्त दाखवायच्या. एकदा त्यांनी इराणमधला एक जुना गालिचा दाखवला. त्यावर बाग विणलेली, पाण्याचे पाट वरून बघितल्यासारखे आणि झाडं बाजूने बघितल्यासारखी, दोन्ही एकाच वेळी. पुढची स्लाइड फ्रेंच चित्रकार मातिसची. खोली, टेबल, भिंत सगळं एकाच लाल रंगात, जवळचं आणि लांबचं एकाच पातळीवर. हा मातिस एकोणीसशे दहा साली इस्लामी कलेचं प्रदर्शन बघायला मुद्दाम म्युनिकला गेला होता, त्यांनी सांगितलं, आणि नंतर मोरोक्कोला. व्हॅन गॉगने जपानच्या हिरोशिगेच्या छापचित्रांवरून स्वतः रंगवून बघितलं. आणि गोगँने आपल्या मित्राला पत्रात लिहिलं की जपानी लोक बघ, किती सुंदर काढतात, आणि सावलीचं नाव नाही. हे मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघा लक्षात ठेवा.

“युरोपने चारशे वर्षं घालवून सावली काढायला शिकून घेतलं,” सेन्सेई म्हणाल्या, “आणि मग ती पुसायची कशी हे तो आपल्याकडून शिकला.”

वर्गातले सगळे हसले. बाकीचे दहाजण रिटायर झालेले आजी-आजोबा होते. मला मात्र हसू आलं नाही. आर्ट स्कूलच्या पहिल्या वर्षी मी काय काढायचे ते मला आठवलं. आईबरोबर दर चैत्रात अंगणात चैत्रांगण काढून माझा हात बसला होता. मखरातली गौर, पाळणा, कासव, हत्ती, शंख, तुळशीवृंदावन, सगळं सपाट, सगळं सारख्या मापाचं, मुंगी हत्तीएवढी असली तरी कुणाचं काही म्हणणं नसायचं. तसंच काहीतरी मी वर्गात काढलं तर आमच्या सरांनी कोळसा घेतला, माझ्या चित्रातल्या घागरीला काळी बाजू दिली आणि म्हणाले, “आता बघ, वजन आलं.” मग सहा महिने प्लास्टरचा एक गोरापान पाय माझ्यासमोर ठेवला होता. त्याची सावली काढता काढता मी पहिली आले. आणि आता ही बाई मला योकोहामात सांगत होती की ती पुसायची असते!

ऑगस्टमधल्या सुट्टीनंतर सेन्सेईंनी जाहीर केलं की प्रत्येकाने एक चित्र काढायचं. तीन नोव्हेंबरला वॉर्डाच्या संस्कृती महोत्सवात सगळ्यांची चित्रं लागतील, पण एकच चित्र हॉलच्या दारात लागेल आणि पोस्टरवर छापलं जाईल. पोस्टर वॉर्डातल्या सगळ्या स्टेशनांवर. खाली चित्रकाराचं नाव.

ते नाव माझं असणार हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ओकुसान नाही, सुनेत्रा. त्या आजी-आजोबांपैकी निम्मे शेवंती काढणार होते आणि निम्मे फुजी. मला कसली धास्ती?

मी बंदराचं चित्र घेतलं. ऑइलमध्ये. ठरवलं असं की बोटी, क्रेन, पाणी सगळं सपाट ठेवायचं, गालिच्यासारखं. रोज देवदत्त ऑफिसला गेला की बसायचे. पण काय बाई हाताला झालं होतं! मी क्रेनचा एक सपाट लाल पट्टा मारायचे आणि ब्रश आपोआप त्याच्या उजव्या कडेला जाऊन गडद व्हायचा. पुसायचे, पुन्हा तेच. पाण्यात प्रतिबिंबं आली, बोटी लांब लांब जाऊन लहान झाल्या. तीन आठवड्यांनी बघितलं तर चित्र उत्तम झालं होतं, निर्दोष, आणि बँकेच्या कॅलेंडरवर शोभेल असं. देवदत्त म्हणाला, “अगदी फोटोसारखं!” मला रडू आलं.

आणि अशात वृंदा वर आली. चित्र द्यायला चार दिवस होते. हातात गुंडाळी, मागे ईश्वरी.

“हसू नकोस हं,” म्हणाली. “मला काय येतंय! तू आर्टिस्ट, म्हणून दाखवायला आणलंय.”

ती डिपार्टमेंट स्टोअरचे रॅपिंगचे कागद गादीखाली दाबून ठेवायची. त्यातले चार तिने उलट्या बाजूने चिकटवले होते आणि ईश्वरीच्या पोस्टर कलरने त्यावर चैत्रांगण काढलं होतं. माझ्या डायनिंग टेबलवर तिने ते पसरलं आणि मी खुर्ची धरली.

मध्ये मखरात गौर होती. वरच्या कोपऱ्यात सूर्य, दुसऱ्यात चंद्र. आणि त्यांच्यामध्ये आमचं अख्खं योकोहामा. बाल्कनीत वाळत घातलेल्या गाद्या, ओगावा-सान आणि त्यांचा मुळा, मुळा त्यांच्यापेक्षा मोठा. निळ्या पट्ट्याची ट्रेन बाजूने दिसत होती, पण रूळ वरून. पाळण्याशेजारी कोल्ड्रिंकचं मशीन, कासवाशेजारी कचऱ्याची गाडी, आणि खाली एक पिवळा हत्ती, त्याच्या पाठीवर ईश्वरीचं लाल दप्तर. कुणी कुणाच्या मागे नाही, कुणी पुढे नाही. जे तिला आवडलं ते मोठं. सगळी चित्रभर आपापल्या जागी सुखाने बसलेली.

मी तीन महिने ज्याच्यावर नोट्स काढल्या होत्या ते हे होतं. आणि या बाईने ते स्वयंपाक सांभाळून, मुलीच्या ब्रशने, एका रविवारी काढलं होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वाटलं, हे माझं होतं. हे माझ्या हातात होतं, माझ्याकडून काढून घेतलं आणि हिच्याकडे मात्र तसंच राहू दिलं, कारण हिला शिकवायच्या लायकीची कुणी समजलंच नाही.

“काहीतरी चुकलंय ना?” वृंदा म्हणाली. “मला सांगता येत नाही गं. सगळं आपलं हवेत तरंगल्यासारखं वाटतं.”

त्या क्षणी मी “काही चुकलं नाही” म्हणू शकले असते. तीन शब्द. वही शेल्फवर होती, त्या दोन रेघांसकट.

“सावल्या नाहीत,” मी म्हणाले.

“अय्या, खरंच की!”

“उजेड डावीकडून येतो असं धर. मग प्रत्येक वस्तूची सावली उजवीकडे पडणार. म्हणजे वजन येतं.”

‘वजन येतं’ म्हणताना माझा आवाज थेट आमच्या सरांसारखा निघाला. मी ईश्वरीच्या डबीत काळा आणि निळा कालवला, पाणी घातलं आणि पिवळ्या हत्तीच्या पायांपासून उजवीकडे एक तिरकी सावली ओढली. सोंडेची, दप्तराची, शेपटीची, सगळी मोजून मापून. एका मिनिटात हत्ती जमिनीवर उभा राहिला. बाकीचं चित्र त्याच्याभोवती एकदम बावळट दिसायला लागलं. मला ते दिसलं. मला अगदी स्वच्छ दिसलं, आणि बरं वाटलं.

“काय जादू आहे गं तुझ्या हातात!” वृंदा म्हणाली. “बघ ईशू, मावशीने कसा केला हत्ती. आता बाकीच्या मी करते.”

दोन दिवस ती खाली बसून सावल्या काढत होती. मधूनमधून फोन करून विचारायची, मुळ्याची सावली ओगावा-सानच्या अंगावर पडेल का गं? मी सांगत होते. सगळं व्यवस्थित, न चिडता, तोंड भरून सांगत होते.

मंगळवारी सेन्सेईंनी एकेक चित्र बघितलं. शेवंती, फुजी, शेवंती. माझ्या बंदराशी थांबून म्हणाल्या, “सुरेख हात आहे.” मग वृंदाच्या चित्राशी आल्या आणि तिथून हलेनात. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आता सगळ्या वस्तूंना करड्या शेपट्या फुटल्या होत्या. कुणाची लांब, कुणाची आखूड, गाद्यांची तर नुसती घाण झाली होती. फक्त सूर्य आणि चंद्र तिने तसेच सोडले होते.

“हे कुणी शिकवलं?” सेन्सेईंनी विचारलं.

“सुनेत्रा-सान!” वृंदाने माझा दंड धरून मला पुढेच केलं. “ती शाळेत शिकलीय, पाच वर्षं. मी काय, नुसतं असंच काढलं होतं गं.”

सेन्सेईंनी माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा चित्राकडे. “वृंदा-सान, फार मेहनत घेतलीत,” त्या म्हणाल्या. इथे तीन वर्षं काढल्यावर मला एवढं कळत होतं की मेहनतीचं कौतुक झालं की विषय संपला. माझा जीव भांड्यात पडला.

वर्ग सुटल्यावर मी खुर्च्या लावायला थांबले. सेन्सेई प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होत्या.

“हत्तीची सावली फार छान उतरलीय,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “बाकीच्यांचा हात वेगळा आहे. ती तुम्ही काढलीत ना?”

मी हो म्हणाले.

“तुमच्या नोट्स वर्गात सगळ्यात चांगल्या असतात,” त्या म्हणाल्या आणि वायर पिशवीत घातली. “पोस्टरसाठी तुमचं बंदर घेऊ. छपाईला सोपं जाईल.”

त्या एवढं बोलल्या. मी उरलेल्या खुर्च्या तशाच टाकून निघाले.

ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात पोस्टर लागलं. तिकीट मशीनशेजारी माझं बंदर, खाली जपानी लिपीत ‘सुनेत्रा’. देवदत्तने मला त्याच्यासमोर उभं करून तीन फोटो काढले. मी तिथे दहा मिनिटं उभी राहिले असेन. लोक येत होते, पास दाखवत होते, जात होते. कुणी वळून बघितलं नाही. का बघावं? बंदर त्यांनी बघितलेलंच होतं.

महोत्सवाच्या दिवशी वृंदा माझ्यासाठी फुलांचा गुच्छ घेऊन आली. दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या त्या ‘गं’वाल्या जपानीत सांगत होती, हे माझ्या मैत्रिणीने काढलंय, माझीही गुरू आहे ती. तिचं स्वतःचं चित्र आत, जिन्याखालच्या भिंतीवर होतं. माझ्या पोटात अजूनही दुखत होतं, बघा. दार मला मिळालं, नाव मला मिळालं, आणि आता मला तिच्या हेवा न वाटण्याचा हेवा वाटत होता. अगं, एकदा तरी तोंड वाकडं कर ना! एकदा तरी म्हण, माझं का नाही लावलं? नाही. फुलं माझ्या हातात कोंबून ती माझ्याबरोबर फोटोला उभी राहिली.

हिवाळाभर मी तिला टाळलं. सर्दी आहे, पाहुणे आहेत, डोकं दुखतंय. तिने घरी ते चित्र फ्रेम करून सोफ्यामागच्या भिंतीवर लावलं होतं, ते मला बघवत नव्हतं. बंदर मी कपाटामागे ठेवलं. सांगावंसं वाटायचं, नाही असं नाही. पण काय सांगणार? की मी तुला मुद्दाम चुकीचं शिकवलं? तिने विचारलं असतं, चुकीचं कसं, तूच तर शिकलीस ते पाच वर्षं.

मग एप्रिल आला. तृतीयेच्या सकाळी दारावरची बेल वाजली. वृंदा, कपाळाला पांढरी बोटं लागलेली.

“चल खाली. आज काही कारण सांगायचं नाही. डाळ-पन्हं केलंय, आणि तुला काहीतरी दाखवायचंय.”

तिच्या दारापुढच्या मोकळ्या सिमेंटवर तिने चैत्रांगण घातलं होतं. भारतातून आणलेली रांगोळी, बोटातून सुटलेली बारीक सरळ रेघ. गौर, पाळणा, फणी, करंडा, नाग, गोपद्मं. माझी आई घालायची तसं, चिमटीतून. एक क्षण मला वाटलं, सुटले.

मग मी खाली वाकले. प्रत्येक आकृतीच्या उजव्या बाजूला करडी सावली होती. पाळण्याला, फणीला, गौरीच्या मखराला. कोळशाची पूड रांगोळीत कालवून ती मुद्दाम तयार केलेली. ईश्वरी गुडघ्यांवर बसून एकेकाला सावली घालत होती, जीभ दातात धरून. हत्तीची तिने आधीच घातली होती. सोंड, शेपूट, सगळं मापात.

“कसं आलंय?” वृंदाने विचारलं. “सगळं तिनेच केलंय बरं का. मी फक्त रेघा काढल्या. आता तिला असंच वळण लागणार.”

“वृंदा, अगं, चैत्रांगणाला सावल्या नसतात,” मी म्हणाले. “पुसून टाक ते. आपल्या आया काढायच्या तसंच राहू दे.”

ती हसली, कोपराने मला ढोसलं. “वा गं वा! आधी स्वतःच शिकवायचं आणि आता नको म्हणायचं. माझं जरा चांगलं आलं की तुला बघवत नाही की काय?”

ती थट्टा करत होती. तिच्या मनात दुसरं काही आलंही नसेल. मी तिच्याकडे बघू शकले नाही, म्हणून ईश्वरीशेजारी पायरीवर बसले.

ईश्वरीने डबीतून करडी चिमूट उचलली, वरच्या कोपऱ्यात हात नेला आणि थांबली. “मावशी,” तिने जपानीत विचारलं, “सूर्याची सावली कुठल्या बाजूला घालू?”

“विचार, विचार,” वृंदा आतून पन्ह्याचे पेले आणत म्हणाली. “मावशीला सगळं येतं.”

“सूर्याला सावली नसते. इथे कुणालाच नसते,” मी म्हणाले.

ईश्वरीने चिमूट तशीच धरून ठेवली. सगळ्या अंगणावरून नजर फिरवली आणि माझ्याकडे बघितलं.

“मग हत्तीला का काढलीस?”